नोराची तिसरी वही

सुचेताला रिकामं बसवत नसे. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात तिनं सोळा वर्षं स्टेनोची नोकरी केली होती. पिंजऱ्यात उभा राहून साक्षीदार बोले, साहेब सांगत, आणि सुचेताची पेन्सिल चाले. तिच्या कागदातून शब्द गळत नाही, असं वकील मंडळी म्हणत. मग तिच्या नवऱ्याला, सारंगला, द हेगमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. सातवीतल्या मुलीला, श्रुतीला, घेऊन तिघं इकडे आली आणि शेजारच्या लायडस्खेनडामला भाड्याचं घर घेतलं.

आठ वर्षं झाली. श्रुती आता नायमेखनला युनिव्हर्सिटीत होती, शनिवार-रविवारी कधीमधी यायची. सुचेता डच शिकली, दुकानात आणि डॉक्टरकडे निभावेल इतकी. पण त्या भाषेत कोर्टात बसण्याइतकी नाही. सकाळी सारंग ट्रामला गेला की ती घर आवरी, आवरलेलं पुन्हा आवरी, आणि मग सायकल काढून कालव्याच्या कडेनं फोरबर्गच्या लायब्ररीत जाई. तिथं पुस्तकं लावायला मदत करायची. पैसे नाहीत, पण हात हलते राहत.

एका मार्चमध्ये लायब्ररीतल्या बाईंनी तिला एक चिठ्ठी दाखवली. जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचणारं आणि टाइप करून देणारं कुणी हवं होतं, आठवड्यातून दोन दुपारी. चिठ्ठी होती ऊना नावाच्या एका आयरिश बाईंची. वय शहाऐंशी. तरुणपणी भाषांतराच्या नोकरीसाठी हेगला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, तो वारला, त्या राहिल्या. या वयाच्या बाईला नुसतं ऊना म्हणणं सुचेताच्या जिवावर आलं. तोंडानं ती तसं म्हणे, मनात मात्र ऊनाबाई.

ऊनाबाईंच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. खिडकीची चौकट, टेबलाचा कोपरा दिसे, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तेवढा दिसत नसे. त्यामुळे बोलताना त्या मान वाकडी करून सुचेताच्या कानाकडे बघत. टेबलावर तीन वह्या होत्या, त्यांच्या आईच्या, नोराच्या. नोरा कॉर्क परगण्यातल्या एका लहान गावची. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंड इंग्रजांशी लढत होतं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि गावच्या पोस्टात पत्रं निवडायला बसायची. पोलिसांच्या बरॅकीत जाणारं पाकीट संशयास्पद वाटलं की ती ते भूमिगतांच्या हाती द्यायची. साठी उलटल्यावर तिनं या सगळ्या आठवणी लिहून काढल्या. आता गावातली इतिहास मंडळी त्या काळावर एक पुस्तिका काढणार होती, आणि त्यांनी ऊनाबाईंकडे आईच्या वह्या मागितल्या होत्या.

काम असं चाले: सुचेता एक-एक वाक्य मोठ्यानं वाचायची, ऊनाबाई ऐकायच्या, मग सुचेता टाइप करायची. पहिल्या दोन वह्या जूनपर्यंत संपल्या. नोराचं लिहिणं तिला आवडलं. त्यात भाषणबाजी नव्हती. ओल्या कोटातली निरोपाची चिठ्ठी, गवताच्या गंजीत लपवलेल्या बंदुका, झडतीला आलेल्या शिपायांनी फोडलेलं आईचं कपाट. आणि दुसऱ्या वहीच्या शेवटी डेनिस.

डेनिस गावात घोड्यांची खोगिरं आणि लगाम शिवायचा. फेब्रुवारी एकोणीसशे एकवीसमध्ये बरॅकीच्या पत्त्याचं एक निनावी पाकीट नोराच्या हाती आलं. आत तीन भूमिगतांची नावं आणि ते कुठं निजतात त्याची जागा होती. डेनिस दर महिन्याला अमेरिकेतल्या बहिणीला पत्र टाकायचा, त्यामुळे त्याचं अक्षर नोराला पाठ होतं. ‘डी’ची शेपटी मागे वळवलेली. ‘माझी खात्री होती,’ असं तिनं लिहिलं होतं, आणि ‘खात्री’खाली रेघ मारली होती. तिनं पाकीट भूमिगतांकडे पोचवलं. चौथ्या दिवशी सकाळी डेनिस गावाबाहेरच्या दलदलीपाशी सापडला. छातीवर फितूर असल्याची चिठ्ठी होती. मागे बायको आणि सहा वर्षांचा मुलगा.

हे ऐकताना ऊनाबाई ताठ बसल्या होत्या. ही गोष्ट त्यांना माहीत होती. आईनं तीन माणसांचे जीव वाचवले, असंच ती घरात सांगितली जायची. त्यांनी आईला लढ्याबद्दल मिळालेलं पदक ड्रॉवरमधून काढून सुचेताच्या तळहातावर ठेवलं.

तिसऱ्या वहीतलं अक्षर थरथरतं होतं. सुचेता एक ओळ वाचत असली तर तिचा डोळा दोन ओळी पुढे असायचा, ही कोर्टातली सवय. सप्टेंबरमधल्या एका दुपारी त्या डोळ्याला हे दिसलं: ‘एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बरॅकीच्या पत्त्याचं आणखी एक पाकीट आलं. अक्षर तेच. डेनिसला जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते. मी त्यावर शिक्का मारला आणि ते पुढे जाऊ दिलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.’ लगेच पुढच्या परिच्छेदात त्या वर्षी कोंबड्यांवर आलेल्या रोगाची हकिकत होती.

सुचेताचा आवाज थांबला. म्हणजे पहिलं पाकीटही डेनिसचं नव्हतं. ऊनाबाईंनी विचारलं, काय झालं.

‘अक्षर लागत नाही नीट,’ सुचेता म्हणाली, आणि तिनं कोंबड्यांचं वाचायला सुरुवात केली.

ते तिच्याकडून कसं झालं हे तिला सांगता आलं नसतं. समोर पदकाचा ड्रॉवर होता, म्हातारीचा ताठ पाठीचा कणा होता. चार ओळी गाळल्या की सगळं होतं तसं राहत होतं. परतताना ती सायकलवरून नेहमीचं वळण चुकली आणि कालव्याच्या भलत्याच बाजूला गेली.

त्यानंतर तिला कुठंच चैन पडेना. पोळी तव्यावर जळायची. कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालायची. सारंगला सांगितलं तर तो म्हणाला की तिनं चांगलंच केलं, शहाऐंशी वर्षांच्या बाईला या वयात हे ऐकवून काय मिळवायचं आहे. त्याचं म्हणणं तिला पटलं आणि अर्ध्या तासात ते पटणं उडून गेलं. शनिवारी श्रुती आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीतच म्हणाली की आई, हे ठरवायचं काम तुझं नव्हतंच. मग फ्रिज उघडून काय आहे ते बघायला लागली.

सुचेताच्या मनात आणखी एक गोष्ट फिरत होती. तिचे आजोबा सातारा भागातले. बेचाळीसनंतर पत्री सरकारात होते. बैठकीत त्यांचा ताम्रपट लावलेला होता, पंधरा ऑगस्टला शाळेतली मुलं त्यांना हार घालायला येत. त्याच गावात वेशीजवळ एक म्हातारा बसलेला असे. टाचा टेकवता यायच्या नाहीत म्हणून चवड्यावर लंगडत चालायचा. लहानपणी एकदा तिनं जेवताना विचारलं होतं, त्याच्या पायाला काय झालं. आजीनं तिच्या ताटात न मागता भात वाढला. त्या काळात खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या मारत, हे तिला पुढे पुस्तकात कळलं. त्या म्हाताऱ्यानं खरंच खबर दिली होती का, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तिनं वडिलांना फोन लावला. वासुदेवराव आता कराडला एकटे राहत. तब्येतीची चौकशी झाल्यावर तिनं तो प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘ती वेळच तशी होती. तुम्हा लोकांना आता बसल्या जागी काय विचारायला जातंय?’ आणि तिकडे थंडी पडली का असं त्यांनी विचारलं. पडली आहे, असं तिनं सांगितलं. फोन ठेवल्यावर ती घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिली. सारंगनं शेवटी तिच्या हाताला धरून तिला खुर्चीत बसवलं.

मंगळवारी ती ऊनाबाईंकडे गेली ती कोट न काढताच टेबलाशी बसली.

‘मी चार ओळी गाळल्या,’ ती म्हणाली. ‘अक्षर लागत होतं. मी खोटं बोलले.’

आणि तिनं त्या ओळी वाचल्या. कोर्टात वाचायची तशा, आवाजात चढउतार न आणता. ऊनाबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिनं त्या पुन्हा वाचल्या. मग ऊनाबाई उठून खिडकीशी गेल्या. तिथून त्यांना कालव्याच्या कडा दिसत असतील, मधलं पाणी दिसत नसेल.

‘तुला कुणी सांगितलं होतं मला जपायला?’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण सुचेताला तो लागला. ‘मी शहाऐंशी वर्षं त्या बाईची मुलगी आहे. तू सहा महिने तिची वही वाचतेस.’

सुचेतानं चुकलं म्हटलं. ऊनाबाईंनी तिला जायला सांगितलं, आणि ती जिन्यापर्यंत पोचते तोच परत बोलावलं. मग त्या स्वतःच बोलत सुटल्या. दर रविवारी चर्चमधून घरी येताना आई लांबच्या रस्त्यानं न्यायची, पावसातसुद्धा. जवळच्या रस्त्यावर डेनिसचं बंद दुकान होतं. लहानपणी त्यांना वाटे, आईला तिथल्या कातड्याचा वास सोसत नसेल. दुकान बंद पडून वीस वर्षं झाली होती, मग वास कुठून येणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. एवढं बोलून त्यांनी विचारलं, त्या पाकिटावरून पुढे कुणाला धरलं का, मेलं का कुणी? वहीत ते नव्हतं. सुचेतानं तिन्ही वह्या मागेपुढे चाळल्या, तारखा ताडून पाहिल्या. कुठंच काही नव्हतं.

ऊनाबाईंनी ते पान टाइप करायला लावलं आणि तिन्ही वह्यांचा मजकूर गावाकडे पाठवला. मंडळाच्या चिटणीसांचं उत्तर आलं ते फार सभ्य होतं. पहिल्या दोन वह्या ते आनंदानं छापणार होते, तिसरी मात्र जागेअभावी वगळावी लागेल असं त्यांनी कळवलं होतं. ऊनाबाईंनी कळवलं की छापायचं तर सगळं छापा. मंडळानं काहीच छापलं नाही. पुस्तिका नोराशिवाय निघाली.

त्यावर त्या थांबल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण आता त्यांनाही चैन नव्हतं. सुचेता घंटा वाजवायच्या आत त्या दार उघडून उभ्या असत. डेनिसच्या घरचं कुणी उरलं आहे का, हे शोधायचं त्यांनी मनावर घेतलं. चिटणीस आढेवेढे घेत होते; चौथ्या ई-मेलनंतर त्यांनी एक नाव दिलं. डेनिसची विधवा मुलाला घेऊन लिव्हरपूलला गेली होती. त्या मुलाची मुलगी मॉरीन अजून तिथंच राहत होती, सत्तरीची.

पत्राला तीन दुपारी लागल्या. ऊनाबाई सांगत, सुचेता शॉर्टहँडमध्ये घेई, मग ऊनाबाई अर्धं खोडायला लावत. आईच्या बाजूनं दोन शब्द लिहावेत असं एकदा त्यांच्या मनात आलं. ती एकोणीस वर्षांची होती, तीन माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. सुचेतानं ते उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. ऊनाबाई म्हणाल्या, काढून टाक. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, राहू दे. शेवटी ते राहिलं नाही.

मॉरीनचं उत्तर दोन ओळींचं होतं. तिला टाइप केलेलं नको होतं, तिला ते पान हवं होतं. मूळ, नोराच्या हातचं.

ऊनाबाईंनी वही मांडीवर घेतली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. पान फाडायची कल्पना त्यांना सोसेना. सुचेतानं सुचवलं की सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवू, मग वहीच पाठवा. तिनं टेबलाशी उभं राहून बासष्ट पानांचे फोटो काढले. वही जाड पुठ्ठ्यात बांधली, रजिस्टर करून टाकली. पावती ऊनाबाईंनी पदकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. नोव्हेंबर अर्धा उलटला होता.

डिसेंबर गेला, काही आलं नाही. ऊनाबाई रोज टपालाच्या वेळेला, लिफ्टची वाट न बघता, जिना उतरून खाली जात. एकदा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरनं चालायला चाकांचा वॉकर दिला आणि जिना बंद केला. मग सुचेता रोज जाऊ लागली, ठरलेल्या दोन दुपारी सोडून इतर दिवशीही. टपाल वर आणायचं, वाचायचं: विम्याची पत्रं, नगरपालिकेची पत्रं, आणि मग चहा. सारंग म्हणाला, हे तुझं काम आहे की काय आहे? तिनं सांगितलं की मला नाही माहीत, पण बघते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. समोर लिव्हरपूलच्या धक्क्याचं चित्र, मागे मॉरीनचं गिचमिड अक्षर. सुचेतानं वाचलं:

‘वही मिळाली. सगळी वाचली. माझे वडील ऐंशी वर्षं जगले आणि हे न ऐकताच गेले. आपण कुठल्या गावचे हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला काय लिहावं मला कळत नाही. पुन्हा लिहू नका, असं मात्र मी म्हणत नाही.’

ऊनाबाईंनी तीन वेळा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, लॅपटॉप उघड. सुचेतानं उघडला. तिला वाटलं, आता उत्तर सांगतील. त्या म्हणाल्या, नको, बंद कर, बाहेर जाऊ या. बाहेर बारीक पाऊस होता. सुचेतानं त्यांना कोट चढवला, लिफ्टनं खाली आणलं, वॉकर हाती दिला. कालव्याच्या काठाला वारा तोंडावर येत होता आणि ऊनाबाई इतक्या भराभर चालत होत्या, की सुचेताला त्यांच्याबरोबर राहायला पावलं लांब टाकावी लागत होती. पुलापाशी तिनं विचारलं, परत फिरायचं का? ऊनाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि त्या पुढे निघाल्या.