कबरीपाशी नऊजण

परवा तेली आळीत एका दाराच्या चौकटीवर खिळ्यांची दोन तिरकी भोकं दिसली. ज्यू घरांत तिथे पवित्र वचनाची डबी ठोकतात. ते घर दानियलकाकांचं.

ऐंशीच्या दशकात त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्रायलला गेले होते. काकी वारल्या, तेव्हा कबरीपाशी त्यांच्यातले नऊच पुरुष जमले. मृतासाठीच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. दहावा, काकांचा भाचा, कणकवलीहून येणार होता. एस.टी. आली, तिच्यातून फक्त माशांच्या रिकाम्या टोपल्या उतरल्या. ऊन कलत चाललं होतं, ओल्या मातीचा वास येत होता.

सगळी माणसं सारखी, असं छापलेली पत्रकं वाटणारा मी पुढे झालो.

"काका, माका मोजा. झाले धा."

"तू बरो आसस रे, पण आमच्यातलो नाय."

"देव असला बघता काय?"

"तुझ्या पत्रकाखाली देवाची सही आसा काय?" काकांचा आवाज फाटला. "हिच्यासाठी म्हणूचा तर धा आमचेच होये. खंयसून आणू?"

मी तरीही वाद घालत राहिलो. शेवटी प्रार्थनेविना त्यांनी माती लोटली. आज लाज वाटते, त्या वेळी काकींच्या उशाशी मोठ्याने बोलणारा एकटा मीच होतो.