आबांची सावड

आत येताना आबा नातीला कडेवरून उतरवत, टोपी सारखी करत आणि मी काही विचारायच्या आतच सांगत, "बाई, कालचं काम उरलं न्हाई."

काम म्हणजे उठबस. चार वर्षांच्या चिमीला सेरेब्रल पाल्सी होती. जन्मताना मेंदूला इजा झालेली, पाय काठीसारखे ताठ. बुटक्या स्टुलावरून उठायचं, टाचा टेकून उभं राहायचं, परत बसायचं, हे मी रोज घरी करायला सांगितलं होतं. पोरगी हात सोडून स्वतःच्या पायांवर उभी राहावी, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं. त्यासाठी आबा दर आठवड्याला घनसावंगीकडून जीपमध्ये कोंबून घेऊन शहरात मस्तगडला, माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येत.

एकदा चिमी तापाने फणफणली. पुढच्या खेपेला मी म्हटलं, व्यायाम बुडाला असेल. आबांना तो अपमान वाटला.

"बुडंल कसा? पोरीला ताप आल्ता, मंग गल्लीनं सावड केली."

सावड तुम्हाला ठाऊक असेल. आज सगळ्यांनी माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. घरात कुणी आजारी पडलं म्हणून रान पडून राहत नाही. आबांनी तोच कायदा व्यायामाला लावला होता. तापाच्या दिवसांत शेजारीपाजारी त्यांच्या ओट्यावर जमून चिमीच्या वाटच्या उठाबशा काढत होते. सरपंचाच्या आईला दुसऱ्या उठबशीनंतर दोघांनी धरून घरी पोचवलं. शेजारच्या शिंपीचाचांनी आपलं काम बराबर झालं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि चिमी गोधडीतून माझ्याच आवाजात ओरडत होती, टाच टेकवा.

व्यायाम ज्याचा त्यानेच करायचा असतो, मी हसू दाबून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रानाला काय कळतंय कोन राबलं? काम झाल्याशी मतलब."

पायाला कळतं, मी म्हटलं. त्यांना काही ते पटलं नाही. मात्र ताप उतरल्यावर चिमी गल्लीची मास्तरीण झाली. संध्याकाळी ओट्यावर डबे, पाट, पालथ्या बादल्या मांडल्या जात. माझ्याकडे रडून दवाखाना डोक्यावर घेणारी ही पोरगी लोकांना दाखवायचं म्हणून आधी स्वतः उठे. फक्त एका मुठीत आबांचं धोतर घट्ट धरलेलं असे. दवाखान्यातही ते काही सुटेना. आबा, बाजूला व्हा, मी चिडून म्हणायचे. ते "होतो की" म्हणत आणि तिथेच उभे राहत.

मग काही आठवडे कुणी आलंच नाही. आली ती चिमीला घेऊन तिची आई. आबा झोपेतच गेले, हे तिने दारातच सांगितलं. मी स्टूल मांडलं. चिमी आईचा पदर धरून उठली, बसली, नेमून दिलेलं सगळं केलं. मी पुरे म्हटलं, तरी ती स्टुलावरून हलेना.

"आता आबाचं करते."

आईने पदर ओढून डोळ्यांना लावला. चिमीची मूठ रिकामी झाली, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती उठली. हात मोकळे, टाचा फरशीवर. जरा डुलली, सावरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाई, तुमी बी करा. आबाचं लई राह्यलंय."

मी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले.