शुक्रवारची डोकेदुखी

लग्न होऊन साताऱ्याकडून मद्रासजवळच्या आवडी गावाला आले तेव्हा मला वाटलं होतं, मराठी घरातच तर चाललेय, मग गाव कुठलं का असेना, काय फरक पडतो? चांगलाच पडला. सासरची माणसं तंजावरची मराठी. त्यांची भाषा जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, आणि वर तमिळची फोडणी. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, “तुज भूक लागली काय गे?” आणि मला हसू आवरेना. त्यांना माझं बोलणं फटकळ वाटलं. ते होतंच फटकळ, अजूनही आहे.

घरात आम्ही चौघं. हे कारखान्यात कामाला, म्हणून आम्हाला क्वार्टर मिळालेलं. मामंजी निवृत्त शाळामास्तर. आणि घराचा कारभार सगळा सासूबाईंचा. एकोणीसशे साठ साल लागण्याच्या सुमाराचे ते दिवस. पैसा बेताचा होता, पण घरात हसणं-खिदळणं भरपूर. मी तिथे सुखात होते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी माझी कीव करायचं.

दुखणं होतं ते शुक्रवारचं. शुक्रवारी बायकांनी डोक्यावरून तेलाची आंघोळ करायची, हा तिथला नेम. पहाटे सासूबाई कोमट तिळाचं तेल माझ्या टाळूवर अशा थापायच्या की कान बधिर व्हावेत. मग शिकेकाई, मग कढत पाणी. केस कमरेखाली, ते धड पुसले न पुसले तोच ओल्या केसांची टोकाला गाठ मारायची आणि सोवळ्यात स्वयंपाकाला लागायचं. नैवेद्य होईपर्यंत पोटात फक्त कॉफी. दहा वाजले की माझ्या भुवयांमध्ये कुणीतरी खिळा ठोकायला लागे. नाक चोंदायचं, खाली वाकलं की डोळे बाहेर येतील असं वाटायचं.

सासूबाईंचा त्यावर एकच उपाय, कषाय. म्हणजे काढाच, सुंठ, मिरी, धने आणि काळा ताडगूळ घातलेला. त्यांचं कषाय आमच्या क्वार्टरांच्या आख्ख्या लायनीत प्रसिद्ध होतं. शेजारपाजारच्या बायका, तिथे त्यांना मामी म्हणायचं, पितळी पेले घेऊन मागच्या दारी यायच्या. “इंग्रजी औषध या घरात येणे नाही,” असं सासूबाई छातीठोकपणे सांगायच्या. त्यांचा एक भाऊ म्हणे दवाखान्यातल्या औषधानेच गेला होता, त्यामुळे त्यांच्यापुढे तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

मग सगळं चोरून सुरू झालं. ह्यांनी कारखान्याच्या दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या आणल्या आणि गुपचूप माझ्या हातावर ठेवल्या, “आईला कळू देऊ नकोस.” आठवड्याभरात मामंजी स्टेशनजवळच्या दुकानातून डोकेदुखीच्या पुड्या घेऊन आले. गुडघ्यासाठी ते स्वतः त्या घ्यायचेच. “सूनबाई, ही पाण्यातून घे. आत बोलू नको हां.” आणि भिंतीपलीकडच्या मामीने आपल्या भावाने पाठवलेल्या गुलाबी गोळ्यांची बाटलीच मला देऊन टाकली. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. मी मात्र तिघांचंही घ्यायचे. खोटं कशाला बोलू, लाड मला आवडायचे. शिवाय मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की पांढरी गोळी डोक्याची, पुडी सर्दीची आणि गुलाबी अशक्तपणाची. एवढी हुशार मी! शुक्रवारी सकाळी रिकाम्या पोटी, कॉफीच्या घोटाबरोबर तिन्ही आत. वरून सासूबाईंचं कषाय.

तासाभरात बरं वाटायचं. सासूबाई समाधानाने म्हणायच्या, “बघ, उतरले की नाही?” मी मान डोलवायची.

हळूहळू डोकं शुक्रवारचं ऐकेना. मंगळवारी दुखू लागलं, रविवारी दुखू लागलं. गोळ्या वाढल्या. पोटात आग पडायची, जिना चढताना धाप लागायची. एक दिवस शौचाला डांबरासारखं काळंकुट्ट झालं. मी घाबरले आणि कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला. देवळात जातो असं सांगून हे मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई वयस्क, तमिळ, आवाज तिखट. माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, “काय काय घेतेस ते सगळं मेजावर ठेव.” पिशवीतून मी गोळी काढली, पुडी काढली, बाटली काढली. हे बघतच राहिले. बाईंनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. “रंग वेगळे, नावं वेगळी, आत औषध एकच. तू तीन औषधं घेतली नाहीस. एकच औषध तिप्पट घेतलंस, तेही उपाशी पोटी. आतून जखम झालीय, रक्त झिरपतंय.” मग बजावलं, एकही गोळी नाही, एकही पुडी नाही, पोटासाठी हे पांढरं पातळ औषध घ्यायचं, दूधभात खायचा, केस उन्हात खडखडीत वाळवायचे, वाफ घ्यायची. आणि पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही तर मोठ्या इस्पितळात, कदाचित पोट उघडावं लागेल.

घरी आल्यावर हे आणि मामंजी एकमेकांकडे चोरासारखे बघत होते. शेजारच्या मामीला मी बाटली परत केली. सासूबाईंना काय सांगायचं? पोटाचं पांढरं पातळ औषध वैद्यांनी दिलंय, पित्तावरचं आहे, असं मामंजींनी दडपून सांगितलं. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस!

गोळ्या सुटल्या आणि डोकं असं काही चढलं की विचारू नका. मी भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. पण शपथेवर सांगते, एक कण घेतला नाही. तरीही काळं व्हायचं थांबेना. दिवस मोजत होते मी. बाराव्या दिवशी चुलीपुढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच कोसळले.

या वेळी सासूबाई बरोबर आल्या. शेजारची मामीही आली, बाकावर आणखी दोघी आमच्याच लायनीतल्या. डॉक्टरीणबाई माझ्यावर भडकल्या. “तू अजून घेतेस. खोटं बोलू नकोस.” मी रडकुंडीला आले. “नाही हो घेत! देवाशपथ नाही घेत!” मग बाईंनी सासूबाईंना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, पुडी काय करते, पोट कसं आतून सोलून निघतं, आणि आता हिला उद्याच इस्पितळात धाडावं लागेल.

सासूबाई ऐकत होत्या. माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. मग त्या तमिळमध्ये बोलल्या, खोलीतल्या सगळ्यांना कळेल असं.

“पुडी मी घालते. हिच्या कषायात.”

मामंजींच्या खिशातल्या पुड्या सासूबाईंना कपडे धुताना केव्हाच सापडल्या होत्या. पहिल्या महिन्यातच कषायाने माझं डोकं उतरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून एक पुडी, आणि गेल्या बारा दिवसांत मी तळमळताना बघवेना म्हणून दोन. ताडगुळात कडूपणा कळायचा नाही.

“आई!” मी ओरडलेच. “माझा जीव घ्यायचा होता काय तुम्हाला?” सासूला असं बोललेलं त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचेना.

शेजारच्या मामीने दबकत विचारलं, “आणि आमच्या पेल्यात?”

“तुमच्यात नुसती सुंठ,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचे डोके दुखले तर मज काय?”

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. मग मामीला, मग मला, पोट धरून, रडता रडता.

इस्पितळात जावं लागलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत रक्त थांबलं. उन्हाळा येईपर्यंत अंगात बळ आलं. शुक्रवारच्या आंघोळीनंतर सासूबाई मला अंगणात उन्हात बसवून स्वतः केस पुसायच्या, तासभर. नैवेद्याआधी इडली खायला लावायच्या, देवाला काय सांगायचं ते त्या बघून घेत. डोकं दुखायचं, पण कधीमधी, सोसवेल इतकंच. लायनीतल्या बायका पेले घेऊन यायच्या थांबल्या नाहीत. नुसत्या सुंठीनेच त्यांचं भागत होतं.

मलाही कषाय मिळायचं. पण आता सासूबाई ते माझ्यासमोर उकळायच्या, माझ्यासमोर गाळायच्या, आणि मला द्यायच्या आधी पेला उंच धरून, ओठ न लावता, एक घोट स्वतःच्या घशात ओतायच्या. मग पेला माझ्या हातात. एकदा नाही, दोनदा नाही. दरवेळी.

वर्षभराने मला राहवलं नाही. “पुरे आता, आई. माझा विश्वास आहे ना तुमच्यावर!”

त्यांनी घोट गिळला, पदराने हनुवटी पुसली आणि पेला माझ्यापुढे केला.

“तुज आहे गे,” त्या म्हणाल्या. “मज नाही.”