भाबीची कर्बलाची माती

दुष्काळ सरला त्या वर्षी माझा भाऊ हैदराबादेत एका गॅरेजात कामाला होता. तिथंच त्यानं निकाह केला आणि बायकोला घेऊन वसमतला आला. अम्मानं विचारलं, "तिच्या माहेरचे लोक कसे हायत?" तो म्हणाला, "आपल्यासारखेच." एवढ्यावर भागलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण मी मराठी शाळेत शिकले, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

मी सतरा वर्षांची होते, भाबी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची उर्दू अशी की शेजारणी नुसतं ऐकायला येऊन बसायच्या. मला ती आवडायची आणि तिचा रागही यायचा.

नमाज ती खोलीचं दार लोटून पढायची. एकदा मी न विचारता आत गेले. आमच्यात हात छातीवर बांधतात. तिचे दोन्ही हात खाली मोकळे सोडलेले होते. सजद्यात गेली तेव्हा कपाळ चटईवर टेकलं नाही, पेढ्याएवढ्या मातीच्या वडीवर टेकलं.

नमाज संपल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "कर्बलाची माती हाय. अम्मीनं दिली. आमी शिया."

"मंग आमी?"

"तुमी सुन्नी. नबींच्या मागून पहिला मान त्यांच्या जावयाचा, अलींचा, असं आमी मानतो. तुमी त्यांना चौथे खलिफा मानता. अल्ला एकच, कुरान एकच." मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको." मी कसम खाल्ली.

वर्षभर ती पाळली. त्या वर्षात भाबीला मुलगी झाली, मी फुप्पी म्हणजे आत्या झाले.

मग मोहर्रम आला. आदल्या वर्षीचा भाबीनं माहेरीच काढला होता. आमच्या गल्लीत मोहर्रम म्हणजे जत्राच. पिरांचे धातूचे पंजे बसायचे, त्यांची मिरवत सवारी निघायची, हिंदू बायाही नवस फेडायला यायच्या. भाबीनं मात्र कर्बलात मारल्या गेलेल्या नबींच्या नातवाच्या शोकात चंद्र दिसल्या दिवशीच बांगड्या उतरवल्या, डोक्याला तेल लावणं सोडलं. दहाव्या दिवशी सवारी दारावरून जात असताना ती भिंतीकडं तोंड करून छातीवर हात मारत रडायला लागली. दारात जमलेल्या बायका सवारी सोडून तिच्याकडं बघत राहिल्या.

बायका पांगल्यावर अम्मानं विचारलं, "नवरा जित्ता असून मोकळे हात काहून?" मग मीच सगळं सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं. भावानं त्या आठवड्यात तिला नवी चप्पल आणली होती आणि मला काही आणलं नव्हतं, एवढंच कारण आज आठवतं.

अम्मानं तिच्या पेटीतून वडी काढली, पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडली आणि चूल सारवायच्या मातीत कालवली. भाबी म्हणत होती, "मला मारा, पण त्या मातीला असं करू नका." अम्मानं तिला उंबऱ्यात बसवलं आणि कालवलेली माती माझ्यापुढं सरकवली. "सारव." मी चूल सारवली. घाई केली नाही, कोपरेसुद्धा नीट लिंपले.

संध्याकाळी भाऊ आला. अम्मा म्हणाली, "आपल्या पहिल्या तीन खलिफांना न मानणारी बाई घरात नगं." त्यानं मान खाली घालून तीनदा तलाक म्हटलं. आठ महिन्यांची पोरगी आमच्या खानदानाची म्हणून ठेवून घेतली. सकाळी मीच भाबीला एसटीत बसवून आले. दुधानं तिचं पोलकं भिजलं होतं.

दोन वर्षांनी ती बापाला घेऊन पोरीला बघायला आली. अम्मानं दारातच सांगितलं, "गोवर निघाला. गेली." मी आतल्या खोलीत पोरीच्या तोंडावर हात दाबून बसले होते. तिला खेळ वाटला. ती माझ्या तळव्यात हसत होती.

"कुठं पुरलं?" भाबीनं विचारलं. अम्मानं चपला घातल्या, कब्रस्तानात नेऊन कुणाच्या तरी लेकराची कबर दाखवली. भाबी दुपार कलेपर्यंत तिथं बसून होती, असं शेजारणीनं सांगितलं. गल्लीत सगळ्यांना खरं ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

पोरगी एकोणीस वर्षांची झाली, तिचं लग्न लागलं, तेव्हा अम्मा राहिली नव्हती. मग मी तिला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मी रडत होते का तवा?"

"न्हाई. हसत होतीस."

नवऱ्याला घेऊन ती हैदराबादेला गेली आणि विचारत विचारत आईच्या दारात पोचली. भाबीनं दोघांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बेटी, कुणीतरी तुला फसवलंय. माझी पोरगी वसमतला पुरलीय. मी कबरीवर बसून आले."

पोरगी आता आखाडा बाळापूरला असते. मी दोनदा तिच्याकडं गेले. दोन्ही वेळा तिनं चहा केला, तब्येत विचारली. फुप्पी म्हणून हाक मात्र मारली नाही.