हायडेलबर्गच्या जिन्यातला वन्स मोअर

जर्मनीत माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज गुळण्यांचा होता.

हायडेलबर्गला लेकीच्या घरी पोचलो, बॅगा कशाबशा आत ओढल्या, मी सोफ्यावर टेकते न टेकते तोच वरून सुरू झालं. बुडबुड, बुडबुड. मग ते बुडबुडणं चढत चढत वर गेलं आणि परत खाली आलं. आमचे हे लगेच छताकडे बघायला लागले. मिरजेत यांनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, पण नळकामातलं आपल्याला जास्त कळतं असा यांचा ठाम समज आहे.

"मुक्ता, वरचा पाइप तुंबलाय. मालकांना फोन कर."

"बाबा, पाइप नाहीये तो," मुक्ता हसायलाच लागली. "त्या नेरिस आहेत. ऑपेरा सिंगर. पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ घालून गातायत. मागच्या वर्षी त्यांच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन झालं. आवाज परत यावा म्हणून तो व्यायाम दिलाय."

यांचा चेहरा एकदम उतरला. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गावचा माणूस हा. नाट्यगीत लागलं की ताटातली आमटी गार होते. गाणाऱ्या बाईचा आवाज गेला हे ऐकून हे चहासुद्धा न घेता तसेच छताकडे बघत बसले.

पहिले चार-पाच दिवस गाव बघण्यात गेले. हायडेलबर्ग म्हणजे नेकार नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल आणि डोंगरावर तांबूस दगडाचा पडका किल्ला. सगळीकडे सायकलवरची कॉलेजची पोरं. मे महिना होता, त्यामुळे बाजारात जिकडेतिकडे श्पार्गल (पांढरे, बोटाएवढे जाड शतावरीचे कोंब). जर्मन माणूस त्यासाठी जीव टाकतो. आम्ही लोणी घालून उकडलेलं खाल्लं आणि यांनी हळूच विचारलं, "याला फोडणी नसते का गं?"

नात ईरा सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून. रोज झोपताना मी गोष्ट सांगायची, आणि गोष्ट संपली की पांघरुणातून ऑर्डर यायची, "नोखमाल, आजी!" (म्हणजे परत एकदा.) तेवढं जर्मन मी लवकर शिकले. शिकावंच लागलं.

नेरिसबाईंची गाठ पडली ती केरवोखंमुळे. केरवोखं म्हणजे जिना झाडायची पाळी. एकेका आठवड्याला एकेका घरानं सगळा जिना झाडायचा, पुसायचा. त्या आठवड्यात पाळी मुक्ताची होती, आणि ती ऑफिसात. म्हटलं, आपल्याला काय, हात आहेत, केरसुणी आहे. मी दुपारी दोन वाजता दणादण बादली आपटत कामाला लागले. तर तळमजल्याचं दार उघडलं आणि फ्राउ होफमान नावाच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी फाडफाड बोलल्या. मी आपली बादली धरून उभी.

"दुपारी एक ते तीन मिटाग्सरूअ असते. वामकुक्षीची वेळ, आवाज करायचा नाही," वरून कुणीतरी इंग्रजीत, हळू, जपून जपून बोललं. "मला तर त्या आवाज असतानाही ओरडायच्या आणि आता नसतानाही ओरडतात. वर या. तुम्ही ईराच्या आजी ना?"

अशी ओळख झाली. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई. गळ्याला उन्हाळ्यातही रेशमी रुमाल. मी सहज विचारलं, "तुम्ही मूळच्या इंग्लंडच्या का?" तर कोल्हापूरच्या माणसाला 'तुम्ही पुण्याचे का' विचारल्यावर होतं तसं तोंड झालं. "वेल्स!" त्या म्हणाल्या. "वेगळा देश, वेगळी भाषा. वडील कोळशाच्या खाणीत होते. आमच्या खोऱ्यात आठवडाभर माणसं जमिनीखाली असायची आणि रविवारी प्रार्थनाघरात गायची. मी तिथंच गायला शिकले."

मग रोज दुपारी मिटाग्सरूअ मोडायला नको म्हणून मी चपला हातात घेऊन त्यांच्याकडे वर जायला लागले. हेही मागून यायचे. ईराचं ऐकून नेरिसबाई आम्हाला 'आजी' आणि 'आबा'च म्हणायच्या. त्यांच्या ओट्यावर आईचा जाड लोखंडी तवा होता, वेल्सहून आणलेला. त्यावर त्या बेदाणे घातलेल्या खुसखुशीत टिकल्या भाजायच्या. मी मिरजेहून ज्वारीचं पीठ नेलं होतं. त्याच तव्यावर भाकऱ्या थापल्या. पहिली फाटली, दुसरी टम्म फुगली. नेरिसबाईंनी तर टाळ्याच वाजवल्या.

तव्याजवळ उभं राहूनच त्यांनी आपली सगळी कहाणी सांगितली. लंडनला शिकल्या. पण तिथं काम कुठं? जर्मनीत मात्र लहानसहान गावालासुद्धा स्वतःचं थिएटर, आणि त्यात महिन्याच्या पगारावर ठेवलेले गायक. एका वर्षाच्या करारावर आल्या आणि राहिल्याच. थिएटरातल्याच एका सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्या जर्मन माणसाशी लग्न केलं. तो आता नाही. "नायिका मी कधी झालेच नाही," त्या म्हणाल्या. "माझा आवाज खालचा. आल्झो, म्हणजे थोडक्यात काय, आयुष्यभर दुसऱ्यांच्या आया, दाया आणि चेटकिणी झाले. पण रोज गायले, आजी. मोठे मोठे लोक वर्षातून थोडे दिवस गातात. मी रोज गायले."

"मग नशीब काढलंत की!" हे म्हणाले.

"गेनाऊ!" नेरिसबाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. आणि मग तव्यावरच्या टिकल्या उलटायला लागल्या.

मागच्या वर्षीची गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. म्हाताऱ्या आईचं काम होतं. मुलगा समुद्रावर गेलेला, ती खिडकीत दिवा लावून गाते. गाण्याच्या शेवटी एक उंच स्वर, लांब धरायचा. तिथंच भर प्रयोगात आवाज फुटला. गाणं अर्धंच राहिलं. मग तपासण्या, ऑपरेशन, कितीतरी आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. आता निवृत्तीचं वय झालेलं. थिएटरनं मोठ्या मनानं एक प्रयोग दिला होता, येत्या रविवारी दुपारचा. तीच आई, तेच गाणं, निरोपाचं.

"माझं शेवटचं गाणं ते फुटलेलं असू नये," त्या म्हणाल्या. "एवढंच हवंय मला. एकदा पुरं करायचंय."

 खाली आल्यावर देवघर नसलेल्या त्या घरात, खिडकीकडे तोंड करून यांनी हात जोडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसऱ्याच्या गळ्यासाठी यांना देवाला साकडं घालताना मी पहिल्यांदा बघितलं.

रविवारी सकाळी मी वाटीत दही-साखर घेऊन वर गेले. शुभ कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर द्यायला नको का? नेरिसबाई दही बघून दोन पावलं मागे सरकल्या.

"आजी, गाण्याआधी दही? घसा धरेल माझा!"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिरजेची मी, आणि गाणाऱ्या बाईला दही! पण त्यांनी बिचारीनं माझं मन मोडलं नाही. डब्यातली कोरडी साखर माझ्या हातून चिमूटभर घेतली आणि तोंडात टाकली. मी "ऑल द बेस्ट" म्हटलं, तर हूं की चूं नाही, नुसती मान फिरवली. मला जरा लागलंच. खाली मुक्तानं सांगितलं, "आई, थिएटरवाल्यांचा नियम आहे. प्रयोगाआधी कुणी शुभेच्छा दिल्या तर थँक्यू म्हणायचं नाही, अपशकुन होतो." म्हटलं चला, अपशकुन यांच्याकडेही आहेत तर.

थिएटरात आम्ही वरच्या सज्जात बसलो. मी पैठणी नेसले होते. आजूबाजूला इतकी शांतता, की पर्सची चेन उघडायचीही चोरी. भाषा कळत नव्हती, पण त्यानं काही अडलं नाही. दुसऱ्या अंकात नेरिसबाई आल्या. काळी शाल, हातात दिवा. ठेंगण्या बाई रंगमंचावर चांगल्या हातभर जास्त उंच वाटल्या.

गाणं सुरू झालं. बुडबुड्यांतून ऐकलेली तीच चाल! हे पुढं सरकून खुर्चीच्या कडेवर आले. गाणं चढत गेलं, तसा यांनी माझा हात घट्ट धरला, बांगडी रुतली. आणि तो स्वर आला. नेरिसबाईंनी तो लावला, धरला, धरून ठेवला आणि अलगद खाली आणून ठेवला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

क्षणभर सगळं थिएटर स्तब्ध होतं. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून, मिरजेच्या नाट्यगृहात घुमावा तसा आवाज आला,

"वन्स मोअऽऽर!"

अख्ख्या थिएटरनं माना वळवल्या. "अहो! गप्प बसा!" मी यांचा कोट ओढला. मुक्तानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणीतरी "श्श्" केलं, कुणीतरी खुदकन हसलं. खाली वाद्यवृंदाच्या मास्तरांची काठी हवेतच. मग टाळ्या सुरू झाल्या, पुष्कळ झाल्या, आणि खेळ पुढं गेला. आमच्याकडे कसं, वन्स मोअर आला की गाणं परत म्हणतात. इथं तशी पद्धतच नाही, हे यांना कोण सांगणार?

उरलेला खेळ हे मान खाली घालून बसले. "बाईंचा शेवटचा प्रयोग मी नासवला गं," एवढंच म्हणत होते. मला ओरडायचं होतं, पण तो पडलेला चेहरा बघून धीर झाला नाही.

माफी मागायला आम्ही कलाकारांच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. ऊन अजून लख्ख होतं. नेरिसबाई हातभर फुलं घेऊन बाहेर आल्या.

"कोण ओरडलं ते?"

यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "चूक झाली. माफ करा. आमच्याकडे गाणं आवडलं की..."

"आबा," त्यांनी फुलं माझ्याकडे दिली आणि यांचे दोन्ही हात धरले. "आमच्या प्रार्थनाघरात शेवटचं कडवं रंगलं की कुणीतरी परत म्हणायला लावायचं. मग तेच कडवं पुन्हा, आणि पुन्हा. मागच्या बाकावरून ते मागणारा माणूस म्हणजे माझे वडील. या देशानं मला टाळ्या भरभरून दिल्या, मी जन्मभर ऋणी आहे. पण परत म्हण असं कुणी म्हटलं नव्हतं. आज रंगमंचावर उभी राहून मी ते ऐकलं आणि वाटलं, बाबा आले." मग माझ्याकडे वळल्या. "सकाळचं थँक्यू राहिलं होतं, आजी. आता म्हणायला हरकत नाही."

आम्ही तिघंही भर रस्त्यात रडलो. मुक्ता फोनमध्ये बघत उभी राहिली.

निघायचा दिवस आला. दुपारचं विमान नव्हतं, पण घरातून दुपारीच निघायचं होतं. दीडच्या सुमाराला बॅगा जिन्यात आणल्या. हे चोरट्या आवाजात म्हणत होते, "हळू, हळू, मिटाग्सरूअ आहे." तेवढ्यात वरच्या कठड्याशी नेरिसबाई आल्या. गळ्याला रुमाल नव्हता.

"आबा, तुमचा वन्स मोअर द्यायचा राहिलाय."

आणि त्यांनी गायला सुरुवात केली. ना दिवा, ना शाल, ना वाद्यं. दगडी जिन्यात तो आवाज असा भरला की ईरा माझ्या साडीला बिलगली. खाली फ्राउ होफमान यांचं दार उघडलं. मनात म्हटलं, झालं! त्या घड्याळ न बघता चौकटीत उभ्या राहिल्या. गाणं चढलं. तो स्वर आला.

आणि फुटला.

नेरिसबाईंचा हात गळ्याकडे गेला. चेहरा पांढराफटक.  यांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. भर थिएटरात बोंब ठोकणारा माणूस, आता याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"नोखमाल," खालून आवाज आला. कोरडा, नेहमीचाच. फ्राउ होफमान दोन पायऱ्या वर आल्या होत्या. "बिटं, नोखमाल." कृपा करून, परत एकदा.

नेरिसबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हसल्या. खांदे सैल सोडले, त्याच ओळीला परत हात घातला, आणि या वेळी तो स्वर कितीतरी वेळ जिन्यात राहिला.

मिरजेला येऊन आता महिना झाला. सुरुवातीचे दिवस हे सगळ्यांना किल्ल्याचे फोटो दाखवत होते. जिन्याची गोष्ट मात्र सांगायला घेतात आणि मध्येच चष्मा पुसायला लागतात. जन्मभर आम्ही समजत होतो, वन्स मोअर ही शाबासकी आहे. ज्याचं फुटलं त्यालासुद्धा तो द्यायचा असतो, हे आम्हाला तळमजल्यावरच्या एका खडूस बाईंनी शिकवलं. त्यांचे उपकार कसे फेडावेत कळत नाही. मुक्ताकरवी शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे.

परवा संध्याकाळी माझी भाकरी तव्यावर टाकताना फाटली. एरवी हे म्हणाले असते, "चालेल गं, तीच वाढ." पानावर बसल्या बसल्या यांनी मान वर केली आणि हळूच म्हणाले,

"वन्स मोअर."

मी दुसरा गोळा घेतला.