जिन्यावरची बाई

आमच्या भाऊजींना लोक पाऊलमास्तर म्हणतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. सिनेमातली नटी पडद्यावर चालते, पण तिच्या चपलांचा आवाज मागाहून कुणीतरी एका बंद खोलीत काढतं. तो काढणारा माणूस म्हणजे भाऊजी. हे समजावून सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं. हल्ली कुणी विचारलं, काय करायचे हो ते, की मी सरळ सांगते, चालायचे. दुसरं काय.

त्यांची ती खोली मी पाहिलेली आहे. रेतीचा एक ट्रे, खडीचा एक, ओल्या मातीचा एक, भिंतीशी नव्वद जोड पादत्राणं आणि मधोमध पाच पायऱ्यांचा लाकडी जिना. वर काही नाही, नुसता जिना. कुणाचं हाड मोडायचं असलं की भाऊजी काकडी मोडत. एवढा आवाज विकणारा माणूस, पण घरात चालायचा तो मोज्यांवर. कधी मागे येऊन उभा राहिला कळायचं नाही. ताई म्हणायची, "मांजर परवडलं, निदान म्याव तरी करतं."

चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे त्या हवेलीचा सिनेमा आला. गोष्ट साधीच होती. जुन्या घराण्याचा शेवटचा वारस नव्या बायकोला घेऊन वाडवडिलांच्या घरी राहायला येतो, आणि त्या घराची मेलेली मालकीण रोज तिन्हीसांजेला जिना चढून आपल्या खोलीत जाते. ती अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही. नुसती चढते. म्हणजे सगळी भिस्त भाऊजींच्या पायांवर. त्यांनी सात जोड बदलले, टाचांना कापड बांधून पाहिलं, पण दिग्दर्शक नाक मुरडायचा. "मास्तर, ही मेलेली वाटत नाही. भाजी आणायला निघाल्यासारखी वाटते."

त्या दिवशी ताई डबा घेऊन स्टुडिओत गेली होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला होता. उजवा पाय टप्प पडायचा आणि डावा जरासा घासत मागून यायचा. ती बाहेरचा जिना चढत होती आणि आत दिग्दर्शकाने हात वर केला. हा आवाज कुणाचा, म्हणाला. मग काय, ताईला त्या पाच पायऱ्या अकरा वेळा चढायला लावल्या. बाराव्या वेळी ती म्हणाली, "डबा गार होतोय. आता तुमच्या भुताला सांगा, स्वतः चढ."

सिनेमा धोधो चालला. आम्ही दोघी थिएटरात मागच्या रांगेत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली तशी शेजारच्या अनोळखी बाईने भीतीने ताईचाच दंड घट्ट धरला. ताई माझ्या कानात म्हणाली, "शाळेत ह्याच पायाला हसायचे गं सगळे. आता घाबरतात. घाबरलेले बरे."

आठ वर्षांपूर्वी ताई गेली, बासष्टाव्या वर्षी. शेवटची दोन वर्षं भिंत धरधरून चालायची. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत पोचायला तिला किती वेळ लागायचा ते मी आणि भाऊजी बाहेर बसून ऐकायचो. उठून धरायला गेलं की ओरडायची, म्हणून नुसतं ऐकायचो.

ती गेल्यावर भाऊजी रडले नाहीत. चौथ्या दिवशी कामावर गेले. मला इतका राग आला होता, काय सांगू. म्हटलं, हा माणूस आहे की दगड? पुढे कळलं की ते कशावरच काही बोलेनासे झालेत. जेवणात मीठ नसलं तरी जेवायचे. मी मुद्दाम एकदा विसरून पाहिलं. ढिम्म.

फक्त एक होतं. रोज संध्याकाळी पाचला चहा घेऊन ते त्या सिनेमाची कॅसेट लावायचे, तेवढाच जिन्याचा भाग. अडीच मिनिटं. मग बंद. कारण दुसरं काहीच नव्हतं हो. घरात आवाजाचा माणूस आणि बायकोचा आवाज कुठ्ठे साठवलेला नाही. यंत्र पुढे केलं की ताई पदर तोंडाला लावून आत पळायची. ह्या जगात ताईचं ऐकू येईल असं जे काही उरलं होतं, ते त्या जिन्यावर होतं. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. पाचला चहा मीच न्यायचे, तेव्हा मीही ऐकायचे. पहिलं वर्षभर हातातला चहा तसाच गार व्हायचा. मग चहा ओतता ओतता ऐकायला लागले. खोटं कशाला बोलू, नंतर नंतर काहीच वाटेनासं झालं. कॅसेट झिजत गेली, खरखर वाढत गेली, पावलं जड जड होत गेली आणि एक दिवस फीत तुटली. भाऊजींनी ती दोनदा चिकटवली. तिसऱ्यांदा नाही चिकटवली.

मग गेल्या वर्षी एका स्टुडिओतल्या बाईंचा फोन आला. जुने सिनेमे दुरुस्त करण्याचं त्यांचं काम. हवेलीचा सिनेमा पुन्हा लावायचाय, म्हणाल्या, पण जिन्याच्या भागातला आवाज बुरशीने खाल्लाय. मास्तर पुन्हा काढून देतील का?

"नाही," भाऊजी म्हणाले.

"मग आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल," बाई म्हणाल्या. वाईट हेतूने नाही, आपलं खरं ते सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "धाकटे, चल. ताईच्या जागी परकं कुणी चढायला नको."

मी काचेच्या अलीकडे बसले होते. भाऊजींनी चपला काढल्या, डाव्या पायाला फडकं बांधलं, जिन्यापाशी उभे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. आणि चढले. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. उचलायचं सुचलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाईंचा पुन्हा फोन आला. सिनेमाची आणखी एक प्रत कुठल्याशा गोदामात सापडली होती. त्यातला ताईचा आवाज धुऊनपुसून बराच स्वच्छ झाला होता. आता दोन्ही आहेत, म्हणाल्या, मास्तरांनी येऊन सांगावं, कोणता ठेवायचा. भाऊजींनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये म्हणाले, "सुटलो. ती सापडली म्हणजे माझं काम नाही. तिलाच ठेवायला सांगतो." आठ वर्षांत एका दमात एवढं बोललेले मला आठवत नाहीत.

स्टुडिओत बाई सांगायला लागल्या, हा बघा, पहिला जो आहे, तो... भाऊजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा नियम होता तो, सगळ्या स्टुडिओंना त्यांनीच लावलेला. कुठला आवाज कुणाचा हे ऐकण्याआधी सांगायचं नाही. सांगितलं की कान आधीच निवाडा देऊन बसतो. "नुसतं ऐकवा," म्हणाले, "बायकोला मी ओळखेन."

पहिला वाजला. टप्प, घास, टप्प, घास. पाच पायऱ्या, झटझट.

दुसरा वाजला. टप्प. मग वेळ. मग घासत घासत डावा. मग पुन्हा वेळ.

भाऊजींचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या गालांवरून पाणी खाली आलं आणि इस्त्रीच्या शर्टावर पडलं. "दुसरी," म्हणाले. "ही. हिलाच ठेवा."

"पुन्हा एकदा ऐकता का, मास्तर?"

"नको. तीच आहे."

मीही मान हलवत होते, हो, हीच, हीच.

भाऊजी तोंड धुवायला बाहेर गेले. बाई माझ्याकडे वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरा त्यांचा स्वतःचा आहे."

पहिली ताई होती. तिशीतली, धडधाकट, घाईत असलेली. मी तिच्या मागे मागे गावभर हिंडलेली आहे, "हळू चाल ना गं" म्हणून तिचा पदर ओढलेला आहे. ती माझ्या कानांसमोरून पाच पायऱ्या चढून गेली आणि मी ओळखलं नाही. मी भिंत धरून चालणारीला हीच, हीच म्हणत बसले.

"सांगू का त्यांना?" बाईंनी विचारलं.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. पावलं काही वाजली नाहीत, त्यांची वाजतच नाहीत.

"नका सांगू," मी म्हटलं.

"मग कोणता ठेवू?"

"ते म्हणाले तो."

बाईंनी यंत्रावर काहीतरी दाबलं. झालं.

परत येताना बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. भाऊजी बाहेर बघत होते. चेहरा उतरला होता त्यांचा, पण चांगला दिसत होता, ताप उतरल्यावर दिसतो तसा. भूक लागली, म्हणाले. मी पिशवीतली बिस्किटं दिली. त्यांनी चार खाल्ली.

"मी काढलेली तशी वाईट नव्हती," ते म्हणाले. "पण फार तरणी झाली. पाय पटापट उचलले मी. अशी कधी चालायची का ती?"

मी बिस्किटांचा पुडा दुमडून ठेवला.

"नाही," मी म्हटलं.