दोन कॉन्सल आणि एक आमटी

फुकट काही देणाऱ्या माणसावर आमच्या सिनेटरांइतका संशय घेणारा प्राणी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या वसतिगृहात ते माझ्या शेजारच्या खोलीत राहत. आले होते काँक्रीटवर डॉक्टरेट करायला. रोमन लोकांचे पूल इतके टिकले कसे, हे पाहता पाहता पुलावरून थेट त्यांच्या राजकारणात उतरले आणि तिथेच मुक्काम ठोकून बसले. सिनेटर हे नाव अर्थात आम्हीच ठेवलेले. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी प्रेमाने केक आणून दिला, की हे माझ्या कानाशी लागत, “रोममध्ये पुढारी फुकट धान्य वाटायचे, ते काय दया आली म्हणून? हिला काय हवंय ते बघ आधी.” बाईंना फक्त रिकामी बशी परत हवी असे. सकाळी प्रोफेसरांच्या दाराशी असिस्टंट ताटकळताना दिसले, की यांना रोमन सरदाराच्या दारात मुजऱ्याला जमलेले आश्रित दिसत आणि हे तिथूनच माघारी फिरत. त्यापायी प्रबंध रखडला, पण आश्रित काही ते झाले नाहीत. जेवतानाही पहिला घास माझा. “तू खा रे, मग बघू,” म्हणत ते माझा चेहरा निरखत. कुठल्या सम्राटाला कोणी काय खाऊ घातले, हे त्यांना तोंडपाठ होते.

आम्हा मराठी पोरांना तळघरात एक स्वयंपाकघर मिळाले होते. काळ्या ब्रेडपासून सुटका करणारी तेवढीच एक जागा. कारभार एकाने बघावा, असे मी सहज म्हटले, तर सिनेटर उसळले. “एकाने? राजाला हाकलल्यावर रोमनांनी दोन कॉन्सल नेमले, ते काय हौस म्हणून? दोघं हवेत. आणि एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याचा हुकूम रद्द!” मग एक पुणेकर आणि एक नागपूरकर नेमला. पहिल्याच रविवारी पुणेकराने आमटीत साखर घालायला हात उचलला, नागपूरकर म्हणाला, नाही. नागपूरकराने घरून आलेला मसाला काढला, पुणेकर म्हणाला, नाही. शेगडी बंद करू का, असे मी विचारले, तर दोघांनी मिळून मलाच नाही म्हटले. सिनेटर खूश होऊन म्हणाले, “बघ, राज्यघटना कशी चालते!” राज्यघटनेचा धूर जिन्यापर्यंत पोहोचला तेव्हा इमारतीची व्यवस्था बघणारे हाउसमाइस्टर धावत आले. त्यांनी पातेले पाहिले, काळवंडलेले छत पाहिले आणि दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

आठवडाभर ब्रेड चावल्यावर कॉन्सलही नरमले. मी म्हटले, “सिनेटर, संकटात रोमन लोक सगळी सत्ता एकाच्या हाती द्यायचे ना? तुम्ही व्हा आमचे डिक्टेटर.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. खिडकीतून महायुद्धातल्या बॉम्बने अर्धी पडलेली भिंत दिसत होती. “हळू बोल,” ते म्हणाले. “या गावात हा शब्द मोठ्याने उच्चारू नये. रोमनांनी निदान सहा महिन्यांची मुदत तरी घातली होती.” मग डोळे बारीक करून, “आणि मीच का? कोणी पढवलंय तुम्हाला?”

तरी कोट चढवून हाउसमाइस्टरांकडे गेले आणि थोड्या वेळाने किल्ली घेऊन आले. ती टेबलावर ठेवून म्हणाले, “काम झालं, हा राजीनामा. सगळी सत्ता हाती दिलेला तो रोमन शेतकरी शत्रूला हरवून परत नांगराकडे गेला, तसा मी काँक्रीटकडे जातो.”

त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवले नाही. मी ताट खोलीत नेऊन देत असे. आता आमच्यावर त्यांचा काडीचाही भरवसा उरला नाही, असेच सगळे धरून चालले. नागपूरकर तर चिडून म्हणाला, “विष घालतो का आपण यांना?”

पुढे त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि ते मायदेशी परतले. आमची जायची वेळ आली तेव्हा मी किल्ली परत करायला गेलो. हाउसमाइस्टरांनी विचारले, “तुमचे ते डॉक्टर कसे आहेत? मी तर तुम्हाला किल्ली देणारच नव्हतो. ते म्हणाले, दोन कारभाऱ्यांचा नियम माझा होता, मुलांचा दोष नाही. मला स्वयंपाकघरात आयुष्यभर बंदी घाला, त्यांना जेवू द्या. हो, अगदी असंच. एकदाही आत आले नाहीत.”

मी जिन्यातच बसलो. खोलीत नेलेल्या ताटातला घास ते माझ्याकडे न बघताच उचलत, हे मी रोज पाहत होतो आणि तरी मला काही कळले नव्हते. त्यांची फार आठवण येते. अजूनही पानावर बसून पहिला घास घेतला, की कोणी माझ्या चेहऱ्याकडे बघतेय का, म्हणून मी क्षणभर थांबतो.